मक्याच्या दाण्यातली साखर येते कुठून आणि जाते कुठे

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गेटपाशी आमचा टेम्पो उभा होता. एका आजोबांनी कणीस उचललं, वरचा पाला जरा बाजूला केला, नखाने एक दाणा काढून तोंडात टाकला आणि थेट विचारलं, "ताई, खरं सांगा. याला साखरेचं पाणी पाजता की इंजेक्शन देता? का ते जीएम म्हणतात, त्यातलं आहे हे?"

मागे माणसं थांबली होती, म्हणून "नाही हो आजोबा, बियाणंच तसं असतं," एवढंच बोलून मी पुढच्या कणसांचं वजन केलं. घरी येईपर्यंत मात्र ते उत्तर मलाच अपुरं वाटत राहिलं. बियाणं तसं असतं म्हणजे कसं? आणि बियाणं तसं असूनही पहिल्या तीन वर्षांत आमची कणसं निम्मी फसली, ती का? आजोबांना गेटवर सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

आमची शेती मुरबाड तालुक्यात. भाताची खाचरं आणि थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. भात कापून झालं की त्याच खाचरात नोव्हेंबरपासून आम्ही स्वीट कॉर्न घेतो. घरचीच माणसं राबतात: सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, मी, आणि शनिवार-रविवारी ठाण्याहून येणारे माझे यजमान.

आधी साखरेचं बघू. ती बाहेरून घालता येत नाही. मुळाशी साखरेचं पाणी ओतलं तर ती साखर मातीतले जंतू खातील, कणसापर्यंत पोचणार नाही. सुई टोचली तर दाणा फुटेल आणि दोन दिवसांत बुरशी धरेल. मक्याची साखर पानातच तयार होते, उन्हाच्या जोरावर. तिथून ती खोडातून कणसाकडे वाहते आणि प्रत्येक दाण्यात उतरते. इथपर्यंत गावठी मका आणि स्वीट कॉर्न यांत काहीच फरक नाही. दोघांच्याही दाण्यात साखरच येते.

फरक पुढे पडतो. दाणा ही पुढच्या रोपाची शिदोरी असते. शिदोरी टिकायला हवी, आणि ओली साखर टिकत नाही, पीठ टिकतं. म्हणून गावठी मक्याचा दाणा आलेल्या साखरेचं पीठ करून ठेवतो. शास्त्रात त्याला स्टार्च म्हणतात. हे काम एका झटक्यात होत नाही. दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, एकामागून एक पायऱ्या करत ते पुरं करतात. स्वीट कॉर्नमध्ये या पायऱ्यांपैकी एक मुळातच मोडकी असते. साखर येत राहते, तिचं पीठ व्हायचं अडतं, आणि ती दाण्यातच तुंबून राहते. गोडवा आला तो असा.

ही पायरी कोणी प्रयोगशाळेत मोडलेली नाही. निसर्गात आपोआप झालेला हा बदल आहे. माणसांनी तो ओळखला आणि जपला. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात नंतरची एक पायरी अडते, त्यामुळे साखर राहते पण थोडं पीठही होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन यांनी १९५०च्या दशकात दुसरा एक बदल पुढे आणला. त्या जनुकाचं नाव 'श्रंकन-टू', म्हणजे आक्रसलेला. यात अगदी सुरुवातीचीच पायरी जवळपास बंद पडते, म्हणून साखर जुन्या गोड मक्याच्या दुप्पट-तिप्पट साठते. आज आपल्या बाजारात सुपर स्वीट म्हणून मिळणारा मका बहुतेक याच प्रकारातला. आणि जीएमची, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या बियाण्याची शंका असेल तर, भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगीच नाही. आपल्याकडचा स्वीट कॉर्न नेहमीच्या संकरातून तयार होतो.

आता जो बदल खाणाऱ्याला गोड लागतो, तोच शेतकऱ्याला पेरणीपासून काढणीपर्यंत जागं ठेवतो. दाण्यात पीठ नाही याचा पहिला हिसका बियाण्यातच बसतो.

पहिल्या वर्षी पुडी उघडून सासूबाईंच्या हातावर बी ओतलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, हे किडकं बी तुला कोणी दिलं?" त्यांचं चुकलं नव्हतं. गावठी मक्याचा दाणा टपोरा, गुळगुळीत, हातावर वजन जाणवणारा. स्वीट कॉर्नचं बी बेदाण्यासारखं सुरकुतलेलं, कोपरे दबलेले, इतकं हलकं की फुंकर मारली तर उडेल. वर औषधाचा गुलाबी लेप. पीठ भरलेलंच नाही, म्हणून वाळताना दाणा आत ओढला जातो. 'आक्रसलेला' हे नाव त्यावरूनच पडलं.

म्हणजे रोपाला घरून शिदोरीच कमी मिळालेली असते. कोंबाला जमिनीच्या वर येऊन पहिलं पान उघडेपर्यंत जेमतेम पुरेल एवढीच. म्हणून बी खोल टाकायचं नाही, एक इंच बास. जमीन ओली हवी पण चिकचिकीत नको, कारण साखरेचं बी थंड चिखलात पटकन कुजतं. आणि मातीला ऊब हवी, निदान १८ अंश. ठाण्यात राहणाऱ्यांना वाटेल, आपल्याकडे थंडी असते कुठे? पण मुरबाडकडे डिसेंबरच्या अखेरीस पहाटे शेकोटीशिवाय बसवत नाही, आणि विहिरीचं पाणी दिलेली माती रात्रभर गार पडते. दुसऱ्या वर्षी आम्ही नेमकी तेव्हा पेरणी केली, बी तीन बोटं खोल टाकलं आणि लगेच भरपूर पाणी सोडलं. निम्मं बी वर आलंच नाही. उकरून पाहिलं तर कोंब मातीच्या आतच वळून मऊ पडले होते. सगळ्या खर्चात बियाण्याचा खर्च जड, त्यामुळे ते नुकसान फार लागलं. आता पहिली पेरणी नोव्हेंबरच्या मध्याला, माती अजून उबदार असतानाच उरकतो.

भाताच्या खाचरात मका घ्यायचा तर जमिनीची एक अडचण आधी सोडवावी लागते. भातासाठी आपण चिखलणी करतो, म्हणजे मातीची रचना मुद्दाम मोडतो, पाणी मुरू नये म्हणून. भाताला ते मानवतं, मक्याच्या मुळांना नाही. त्यामुळे भात कापल्यावर ओल असेल तर बरं, नाही तर एक हलकं पाणी देऊन वाफशाची, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी होण्याची वाट बघायची आणि मग नांगरट. घाई करून ओल्यात नांगरलं की ढेकळं निघतात आणि ती फोडता फोडता हंगाम जातो. मग दोन फुटांवर सऱ्या पाडायच्या आणि वरंब्याच्या बगलेला वीतभर अंतराने एकेक बी टोकायचं. एकराला साडेतीन किलोच्या आसपास बी लागतं आणि साधारण २६ हजार झाडं बसतात. पावसाळ्यात आम्ही खाचरात मका घेत नाही. आपल्या पावसात तिथे पाणी तुंबतं आणि रोप आठवड्याभरात पिवळं पडतं. जूनमध्ये घ्यायचाच असेल तर वरकस उतारावर, पाणी निथळून जाईल अशा जागी.

खताचं थोडक्यात. मका खादाड पीक आहे, नत्राला तर फारच. माती तपासून घेणं उत्तम. ते नसेल तर एकरी ५० ते ६० किलो नत्र (नायट्रोजन), २४ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १६ ते २४ किलो पालाश (पोटॅश) हा सर्वसाधारण हिशोब. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर डीएपीची एक गोणी आणि पोटॅश ३०-४० किलो पेरताना, आणि युरियाच्या सव्वादोन ते अडीच गोण्या, पण तीन हप्त्यांत: पेरताना, गुडघाभर झाल्यावर आणि तुरा निघण्याच्या तोंडावर. शेणखत असेल तेवढं आधीच मिसळायचं. भाताच्या जमिनीत जस्त बऱ्याचदा कमी पडतं. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसले की ते जस्ताचंच. पुढच्या वर्षी पेरणीआधी एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाकायचं, फक्त डीएपीत कालवून नाही. वेगळं टाकायचं.

एकाच वेळी सगळं रान पेरायचं नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. स्वीट कॉर्न तोडायला मिळणारे दिवस फार थोडे असतात, चार-पाच. सगळं एकदम तयार झालं तर घरच्या माणसांना तोडणं जमत नाही आणि मिळेल त्या भावाने विकावं लागतं. आम्ही पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे करतो. एका तुकड्यात सव्वातीन हजार झाडं बसतात आणि त्यातून अडीच हजारांच्या आसपास विकण्याजोगी कणसं निघतात. पुढचा तुकडा कधी पेरायचा? आधी आम्ही कॅलेंडर बघून दर दहा दिवसांनी पेरायचो आणि तरीही दोन तुकडे एकदमच तयार व्हायचे. मका दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. डिसेंबरच्या गारठ्यात पेरलेला तुकडा रेंगाळतो आणि त्याच्या मागून पेरलेला जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हात धावत येऊन त्याला गाठतो. म्हणून आता नियम साधा: आधीच्या तुकड्यातल्या रोपांना तिसरं पान पुरतं उघडलं की पुढचा तुकडा टोकायचा. थंडीत तिसरं पान उशिरा येतं, उबेत लवकर. अंतर आपोआप सांभाळलं जातं.

रोप पहिले तीन आठवडे अगदी किरकोळ दिसतं. याच काळात त्याचा शेंडा, म्हणजे जिथून नवी पानं फुटतात तो बिंदू, जमिनीच्या आतच असतो. वरची दोन पानं पाखरांनी कुरतडली तरी रोप सावरतं. एकदा ते गुडघ्याशी आलं की मात्र आत महत्त्वाचा निर्णय होतो. कणसावर दाण्यांच्या किती ओळी येणार, ते याच सुमारास ठरतं. बाहेर कणसाचा पत्ताही नसतो, पण आतल्या कळीत ओळी पडून गेलेल्या असतात. म्हणून गुडघाभर मक्याला तण, तहान किंवा उपास यांपैकी काहीही सोसायला लावू नये. महिन्याचं पीक झालं की खुरपणी, युरियाचा दुसरा हप्ता आणि मातीची भर, तिन्ही एकाच आठवड्यात करायची. भर दिली की खोडाच्या खालच्या पेरांवर फुटणारी जाड मुळं मातीत शिरतात आणि झाड वाऱ्याला लोळत नाही. बुडातून फुटवे येतात ते तसेच राहू द्यावेत. ते काढून कणीस मोठं होत नाही, उगाच जखमा होतात.

याच वयात लष्करी अळी येते. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा दिसली २०१८ साली, कर्नाटकात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली आणि मका घेणाऱ्या प्रत्येकाच्या सकाळी तिने बदलून टाकल्या. मका टोकला की आम्ही रोज उजाडताच पोंगे बघत फिरतो. पोंगा म्हणजे वरच्या कोवळ्या पानांची गुंडाळी. पानावर खिडकीसारखे पारदर्शक ठिपके दिसले, किंवा पोंग्यात ओल्या लाकडाच्या भुश्यासारखी घाण साचलेली दिसली, की अळी आत आहे. चिमटीत धरून बघा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके, म्हणजे तीच.

अळी लहान असताना पोंग्यात नऊ भाग बारीक वाळू आणि एक भाग चुना यांचं मिश्रण चिमूटभर टाकायचं. वाळूने ती घासली जाते. पाच गुंठ्यांत हे हाताने सहज होतं, एकेका ओळीला एक माणूस. अंड्यांचे पुंजके दिसले तर पानाचा तेवढा तुकडा तोडून चिरडायचा. दहातली एकाहून जास्त झाडं लागलेली दिसली तर फवारणी करावी लागते. सुरुवातीला निंबोळी अर्क, तरी नाहीच आवरलं तर इमामेक्टिन बेंझोएट, लिटरला ०.४ ग्रॅम. फवारा संध्याकाळी आणि सरळ पोंग्यात. पानांवर शिंपडून उपयोग नाही, कारण ती दिवसभर आत दडून बसते. तुरा निघाला की आमच्याकडे फवारणी बंद. पुढे महिन्याच्या आत ते कणीस कोणाच्या तरी ताटात जाणार असतं, आणि तुऱ्यावर सकाळी मधमाश्या परागासाठी येतात.

आता त्या आठवड्याबद्दल, ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. पेरणीनंतर साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी शेंड्याला तुरा येतो. तो नर. मध्यावर पानाच्या बगलेत कणीस येतं. ती मादी. कणसाच्या टोकातून मऊ, किंचित हिरवट केसांचा झुपका बाहेर पडतो. ते केस शोभेचे नाहीत. एकेक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. पाचशे-सहाशे दाणे म्हणजे पाचशे-सहाशे केस. तुऱ्यातून उडालेला परागकण ज्या केसावर पडतो, त्या केसाच्या आतून एक सूक्ष्म नळी खाली उतरते आणि जवळपास एका दिवसात तळाशी पोचते. तेव्हा तिथे दाणा धरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याची जागा रिकामी. मक्यात बाकी कुठलीही चूक थोडीफार भरून निघते, ही निघत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही हे जाणत नव्हतो. भाजीच्या कडेने, बांधालगत, एका लांब ओळीत मका लावला. झाडं डोक्याच्या वर गेली, हिरवीगार. कणसं सोलली तर बोळक्या तोंडाची. तीन दाणे, मग फट, मग दोन दाणे. भाऊजींनी खत कमी पडलं म्हणून दुकानात चौकशी केली, कुणी बियाण्याला दोष दिला. कारण होतं वारा. मक्याचा पराग वाऱ्याने जातो. एका ओळीतला पराग बाजूला उडून भेंडीवर पडला, कणसांवर नाही. तीच झाडं चौकोनात लावली असती तर वारा कुठूनही आला तरी पराग कुठल्या तरी केसावर पडला असता. दहा झाडं लावायची तरी चौकोनातच लावावीत, आणि ओळी चारपेक्षा कमी नसाव्यात. ठाण्यातल्या एका ओळखीच्या बाईंनी गच्चीवर ड्रमात आठ झाडं लावली होती. त्यांना मी सांगितलं, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर, तुरा कागदाच्या पिशवीत हलकेच झटका आणि ती पिवळी पूड प्रत्येक झुपक्यावर भुरभुरा, चार-पाच दिवस रोज. त्यांची कणसं भरली.

पराग मिळाला की नाही, हे दाणे दिसायच्या आधी कळतं. केस बाहेर आल्यावर पाच-सहा दिवसांनी माझी पुतणी आणि मी तुकड्यात शिरतो. वेगवेगळ्या ठिकाणची चार-पाच कणसं तोडतो. पाला बुडापासून उभा चिरून अलगद, केस न ओढता उलगडायचा. आत पांढरं, बोटाएवढं कणीस आणि त्यावर ओल्या केसांचा पसारा. मग कणीस आडवं धरून हळूच हलवायचं. ज्या केसांचं काम झालं ते दाण्यापासून सुटून खाली गळतात. ज्यांचं राहिलं ते चिकटून राहतात. गेल्या वर्षी दुसऱ्या तुकड्यातलं कणीस पुतणीने हलवलं, तर बुडाकडचे सगळे केस तिच्या फ्रॉकवर पडले आणि टोकाकडचा बोटाच्या पेराएवढा झुपका तसाच राहिला. तिने विचारलं, "काकी, टोकच का राहिलं?" कारण केस बुडाकडून निघायला सुरुवात होते, टोकाचे सगळ्यात शेवटी बाहेर येतात. तोवर तुऱ्यातला पराग संपत आलेला असतो. त्यात पाण्याची ओढ बसली तर केस आणखी मागे पडतात. त्या आठवड्यात विहिरीची मोटार बिघडली होती आणि पाणी चार दिवस लांबलं होतं. टोकाला दिसली ती त्याचीच खूण. म्हणून तुरा येण्याआधीचे काही दिवस आणि केस निघाल्यानंतरचे दोन आठवडे मक्याला पाण्याचा खंड पडू देऊ नये. बाकी वेळी आमच्याकडे आठ-दहा दिवसांनी पाणी असतं, तेव्हा पाच-सहा दिवसांनी.

पुढच्या वेळी कणीस खाताना ओळी मोजा. १२, १४, १६, कायम सम संख्या. आतल्या गाभ्यावर फुलं जोडीजोडीनेच येतात, म्हणून.

परागाची दुसरी बाजू तिसऱ्या वर्षी कळली. चौकोनात लावलेलं, पाणी वेळेवर, कणसं भरगच्च. पण दाणा चावला की पिठूळ. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितलं, आणि ऐकून वाईट वाटलं. झालं असं होतं की बांधापलीकडे गाईंसाठी वैरणीचा गावठी मका उभा होता आणि दोन्हींचे तुरे एकाच आठवड्यात आले. स्वीट कॉर्नमधली ती मोडकी पायरी आई आणि बाप दोघांकडून आली तरच दाणा गोड राहतो. बाप गावठी आला, म्हणजे धडधाकट पायरी घेऊन आला, की त्या दाण्यात साखरेचं पीठ सुरू. हे पुढच्या पिढीत नाही, त्याच कणसात, त्याच हंगामात दिसतं. आंब्याच्या फुलावर शेजारच्या झाडाचा पराग पडला म्हणून त्या वर्षीच्या आंब्याचा गर बदलत नाही. मक्यात आपण जो भाग खातो तो दाणाच आई-बापांच्या मिलनातून झालेला असतो, म्हणून बदलतो.

जुना गोड मका आणि सुपर स्वीट शेजारी लावले तरी हाच घोटाळा होतो. दोघांची मोडकी पायरी वेगवेगळी, त्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि दोघांचेही दाणे पिठूळ होतात. उपाय दोनच. निदान अडीचशे मीटर अंतर, नाही तर फुलोऱ्यात दोन-तीन आठवड्यांचा फरक. आपल्याकडे जमिनी इतक्या लहान की अंतर कोणाकडे नसतं. म्हणून भात कापायच्या आधीच भाऊजी आजूबाजूच्यांकडे जाऊन विचारून येतात, मका कोण घेणार, कुठला आणि कधी. भावकीत बोलणं ठेवण्याचा आम्हाला एवढा थेट उपयोग दुसऱ्या कुठल्या पिकात झालेला नाही.

केस बाहेर पडले त्या दिवशी जाऊबाई तुकड्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला तारीख लिहिलेली चिंधी बांधतात. तिथून १८ ते २२ दिवसांनी तोडणी, गारठा असेल तर दोन-तीन दिवस जास्त. आधी तोडलं तर दाणा पाणचट, उशीर झाला तर साल जाड होते. केस काळपट तपकिरी होऊन सुकलेले, पाला मात्र हिरवा, आणि टोक बोटांनी दाबलं तर बोथट, भरलेलं लागतं. एखाद्या कणसाला नख लावून बघायचं. पाण्यासारखा रस आला तर अजून थांबा, दुधाळ आला तर चला. सुपर स्वीटचं दूध गावठी मक्याइतकं दाट कधीच होत नाही, त्यामुळे दाट दुधाची वाट बघणारा हमखास उशीर करतो.

याच दिवसांत दुसरेही ताव मारायला टपलेले असतात. पोपट टोकाकडून पाला फाडतात, कोल्हे खालची कणसं ओढतात, आणि रानडुकरं एका रात्रीत पाच गुंठे झोपवू शकतात. शेवटचा आठवडा घरचं कोणीतरी मचाणावर पत्र्याचा डबा घेऊन झोपतं. रात्रीची ही झोपमोड कणसाच्या भावात कुठे मोजली जात नाही.

तोडणी पहाटे, अंधार असतानाच. कणीस खाली दाबून मुरगळलं की कट्कन सुटतं. घाई कशाची? झाडापासून सुटलेलं कणीस जिवंत असतं आणि श्वास घेत असतं. श्वासाला लागणारी साखर ते स्वतःच्याच दाण्यातून खातं. जुन्या गोड मक्यात तर त्याबरोबर उरल्यासुरल्या साखरेचं पीठही होत राहतं, आणि ३० अंशांच्या उन्हात एका दिवसात जवळपास निम्मी साखर जाते. सुपर स्वीट त्यापेक्षा टिकाऊ, तरी तोही उकाड्यात रोज फिका पडतो. हे हाताला जाणवतं. सकाळी भरलेल्या गोणीत दहा वाजता मध्यभागी हात घाला, उबदार लागते. बाहेर सावली असली तरीही. म्हणून आम्ही गोण्या भरतच नाही. कणसं पाल्यासकट क्रेटमध्ये, वरून विहिरीचं गार पाणी, त्यावर ओलं गोणपाट. साडेपाचला टेम्पो निघतो. रायत्याच्या पुलावरून उल्हास ओलांडून, कल्याणची गर्दी सुरू व्हायच्या आत पुढे, आणि आठच्या सुमारास ठाण्यात. पहाटे झाडावर असलेलं कणीस नाश्त्याच्या वेळेला कोणाच्या तरी कुकरमध्ये. लांबून, दोन-दोन दिवसांचा प्रवास करून बाजारात येणाऱ्या कणसाला हे जमणं कठीण. त्या आजोबांना जो गोडवा इंजेक्शनचा वाटला, त्यातला बराचसा या अडीच तासांचा होता.

घेणाऱ्यांनीही थोडं सांभाळावं. सोललेली, ट्रेमध्ये प्लास्टिक लावलेली कणसं दिसायला सुबक असतात, पण पाला निघाला की दाणा सुकायला लागतो. पाल्यासकटच घ्या. तोडल्या जागेचा देठ बघा, तो ओला आणि फिका असेल तर ताजं, तपकिरी आणि सुकलेला असेल तर शिळं. घरी नेल्यावर पाल्यासकट फ्रिजमध्ये, आणि शक्यतो त्याच दिवशी चुलीवर. उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं पुरतात.

कणसं तोडून झाली तरी झाडं हिरवीच असतात, कारण आपण पीक पिकू दिलेलं नसतं. ती लगेच कापून म्हशीला घालतो. दोन दिवस उशीर केला तर ताटं निबर होतात.

शेवटचा तुकडा आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकतो, त्यापुढे नाही. त्यानंतर पेरलं तर तुरा मार्चच्या उन्हात सापडतो. पारा ३८च्या वर गेला की पराग केसावर पोचायच्या आधीच सुकतो, आणि विहीरही तोवर तळाला गेलेली असते. यंदाच्या शेवटच्या तुकड्याला जाऊबाईंनी चिंधी बांधून आज अकरा दिवस झाले. पुतणीने काल चार कणसं उलगडून हलवली. चारही कणसांचे केस टोकापर्यंत गळून पडले.